एक्सप्लेनर : जर्मनीत घुसलेली अमेरिकन फौज रोज मोबाइलवर दिसते, मग सेनिओकाठचे मराठे का दिसत नाहीत?

६ मार्च १९४५. जर्मनीतलं कोलोन शहर. बॉम्बहल्ल्यांत शहराचा मधला भाग जवळपास जमीनदोस्त झालाय, उभं आहे ते दोन उंच मनोऱ्यांचं कॅथेड्रल. त्याच्यासमोर एक जर्मन पँथर रणगाडा. चौकातून अमेरिकन पर्शिंग रणगाडा पुढे येतो, एकामागून एक गोळे सुटतात, पँथर पेट घेतो आणि आतले सैनिक उड्या टाकून पळतात. जिम बेट्स या अमेरिकी लष्करी कॅमेरामननं जवळच्या इमारतीतून टिपलेला हा तुकडा आज ८० वर्षांनंतरही रील, शॉर्ट्स आणि व्हॉट्सअॅपवर फिरतोय. कुरकुंभ एमआयडीसीत शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्यानं तो पाहिलाय, आणि दौंड-बारामती रस्त्यावर पहाटे भरतीसाठी पळणाऱ्या पोरांनीही. यातल्या काहींना शर्मन आणि पर्शिंग यांतला फरकही सांगता येतो.

आता त्याच पोरांना नामदेव जाधव हे नाव विचारून पाहा. कोलोननंतर बरोबर ३४ दिवसांनी, ९ एप्रिल १९४५ ला, शेजारच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या या २३ वर्षांच्या शिपायानं इटलीत सेनिओ नदीच्या काठावर जर्मनांच्या तीन मशिनगन एकट्यानं बंद पाडल्या आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. जर्मनीशी लढाई तीच आणि महिनाही जवळपास तोच. मग एक कथा जगभर मोबाइलवर आणि दुसरी फक्त रेजिमेंटच्या भिंतीवर, असं का?

‘अमेरिकेकडे पैसा होता, कॅमेरे होते,’ हे उत्तर सोपं आहे आणि अर्धवट आहे. कॅमेरे इटलीतही होते. फरक पडला तो चित्रीकरणानंतर.

आधी, आपण नेमकं काय पाहतो?

अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअर या शाखेकडे चित्रीकरणाचं काम होतं. तिच्या फोटो कंपन्या फौजेबरोबर पुढे सरकत. १९४५ च्या मार्चमध्ये रेमागेनच्या पुलावरून ऱ्हाईन नदी ओलांडली तेव्हा, गावोगावी खिडक्यांतून पांढऱ्या चादरी लटकल्या तेव्हा, एप्रिलमध्ये एल्ब नदी गाठली तेव्हा कॅमेरा हजर होता.

त्यांच्या हातातला नेहमीचा कॅमेरा म्हणजे बेल अँड हॉवेल कंपनीचा आयमो. ३५ मिलिमीटरचं रीळ, घड्याळासारखी चावी देऊन चालणारा. त्यात १०० फूट फिल्म मावायची. एका फुटात १६ चौकटी, म्हणजे १,६०० चौकटी. सेकंदाला २४ चौकटींचा हिशेब केला तर जेमतेम ६७ सेकंद. तेही सलग नाही. एका चावीत अर्ध्या मिनिटाच्या आसपासचं काम व्हायचं, मग पुन्हा चावी. या फुटेजमध्ये प्रत्येक दृश्य चार-सहा सेकंदांत संपतं याचं कारण हे आहे. पुढे रणगाडा असताना कॅमेरामन हातचं राखून फिल्म खर्च करत होता.

आणखी एक गोष्ट रील बघताना लक्षात येत नाही. आयमोत आवाज टिपायची सोयच नव्हती. तोफांचा धडाका, रणगाड्याच्या पट्ट्यांचा खडखडाट, सैनिकांची आरडाओरड, यातलं जवळपास सगळं नंतर चिकटवलेलं असतं. रंगांचंही तसंच. अधिकृत चित्रीकरण बहुतेक कृष्णधवल होतं. अस्सल रंगीत फुटेज आहे, पण ते थोडं. हॉलिवूडचे दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स लष्करात होते. त्यांनी अधिकृत कामाबरोबरच स्वतःसाठी १६ मिलिमीटरच्या कोडाक्रोम फिल्मवर रंगीत चित्रीकरण केलं. ते वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच पडून होतं. आता अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि २००८ मध्ये तिथल्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. बाकी रंगीत म्हणून जे फिरतं त्यातलं बहुतांश संगणकानं अंदाजानं रंगवलेलं. ‘६० एफपीएस’ असं मिरवणाऱ्या व्हिडिओत तर सेकंदाच्या ६० चौकटींपैकी निदान ३६ चौकटी त्या दिवशी कुणी पाहिलेल्याच नाहीत. त्या सॉफ्टवेअरनं दोन खऱ्या चौकटींच्या मध्ये भरलेल्या असतात.

आणि खरं रीळ म्हणजे दर वेळी खरी घटना, असंही नाही. २५ एप्रिल १९४५ ला टोरगाऊजवळ अमेरिकन आणि सोव्हिएत सैनिक भेटले. हस्तांदोलनाचं जगप्रसिद्ध छायाचित्र मात्र दुसऱ्या दिवशी, मुद्दाम उभं करून काढलेलं आहे.

तरीही या रिळांचं वजन मोठं आहे. २९ नोव्हेंबर १९४५ ला न्यूरेंबर्गच्या खटल्यात छळछावण्यांचं चित्रीकरण पुरावा म्हणून दाखवलं गेलं. ते न्यायालयात टिकलं, कारण कुणी टिपलं, कुठे टिपलं, याची प्रतिज्ञापत्रं सोबत होती. नुसतं चित्र पुरत नाही, त्याला चिठ्ठी जोडलेली लागते. मराठ्यांच्या बाबतीत नेमकी हीच चिठ्ठी महत्त्वाची ठरते.

अमेरिकेचं फुटेज सगळीकडे का?

अमेरिकी कॉपीराइट कायद्याच्या कलम १०५ नुसार तिथल्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून तयार केलेल्या कृतीवर कॉपीराइट नसतो. सिग्नल कोअरची रिळं सरकारी, म्हणजे जनतेची. ती नॅशनल आर्काइव्हजकडे आहेत. बरीचशी डिजिटल झाली आहेत आणि कुणीही ती उतरवून घेऊन माहितीपट, रील, काहीही बनवू शकतं. परवानगी नको, शुल्क नको. पुण्यातल्या एखाद्या यूट्यूबरला कोलोनचा रणगाडा फुकट मिळतो तो यामुळे.

दुसरी गोष्ट म्हणजे सोबतच्या नोंदी. अमेरिकी लष्करी छायाचित्रांखाली सैनिकाचं नाव, हुद्दा आणि त्याचं गाव लिहिण्याची पद्धत होती. उद्देश भावनिक नव्हता, प्रसिद्धीचा होता. गावच्या वर्तमानपत्रात आपल्या मुलाचा फोटो छापून आला की युद्धाला पाठिंबा टिकतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण त्या प्रचाराचा उपयोग आज असा झालाय की ओहायोतल्या एखाद्या नातवाला आजोबा सापडतात.

मराठे तेव्हा कुठे होते?

जर्मनीच्या भूमीवर नव्हते, पण जर्मन सैन्यासमोर होते. इटलीच्या मोहिमेत सुमारे ५० हजार भारतीय सैनिक लढले, ५,७८२ मृत्युमुखी पडले. इटलीत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय फौजेतल्या जवानांचे, आणि त्यातले दोन पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे.

पहिले यशवंत घाडगे. तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. तुकडीचे प्रमुख घाडगे सोडून सगळे एक तर मेले किंवा जखमी झाले. घाडगे थांबले नाहीत. धावत जाऊन हातबॉम्ब टाकला, मशिनगन आणि ती चालवणारा संपवला, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर तुटून पडले. ठाणं घेतलं, आणि तिथेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. वय २२. त्यांची कबर नाही. नाव कसिनोच्या स्मारकावर आहे.

दुसरे नामदेव जाधव, संगमनेर तालुक्यातल्या निमजचे. पहिली बटालियन, कंपनीचा रनर, म्हणजे निरोप पोचवणारा शिपाई. सेनिओ ही रुंदीनं भीमेपुढे ओढाच म्हणावा अशी नदी, पण दोन्ही बाजूंना पुरासाठी घातलेले उंच, खड्या चढाचे बांध. त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी मोर्चे खणले होते आणि सुरुंग पेरले होते. ९ एप्रिलला संध्याकाळी हल्ला सुरू झाला. आधी शेकडो विमानांची बॉम्बफेक, मग तोफा, मग आग फेकणारे रणगाडे. नदी ओलांडून पलीकडच्या बांधावर चढताना जाधव यांच्यासोबतची माणसं मशिनगनच्या माऱ्यात जवळपास सगळी पडली. जाधव यांनी दोन जखमींना एकामागून एक खोल पाण्यातून, बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणलं. मग परत गेले. हाताला जखम होऊन बंदूक चालवणं अशक्य झालं तेव्हा हातबॉम्बवर काम भागवलं. तिन्ही मशिनगन बंद झाल्यावर बांधाच्या माथ्यावर उभं राहून, आजूबाजूला मॉर्टरचे गोळे पडत असताना, मराठ्यांची युद्धगर्जना देत त्यांनी मागच्यांना पुढे बोलावलं. जाधव वाचले. १९८४ पर्यंत जगले.

त्याच दिवशी, त्याच नदीवर फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदर यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे ते पाकिस्तानात गेले. नगरचा मराठा आणि कोहाटचा पठाण एकाच संध्याकाळी एकाच पाण्यात उतरले होते. कुठल्याही पटकथाकाराला असा प्रसंग सुचला असता तर ‘फार जुळवून आणलंय’ म्हणून निर्मात्यानं तो खोडला असता.

मराठ्यांच्या इटलीतल्या वाटेवर लढाईपलीकडचंही बरंच आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्सजवळच्या मोंतेगुफोनी किल्ल्यात मराठा जवान पोचले तेव्हा तिथे उफिझी संग्रहालयातली चित्रं लपवून ठेवलेली होती. बोत्तिचेल्लीचं ‘प्रिमावेरा’ त्यातलंच. अमेरिकनांनी चित्रं वाचवण्याच्या कामगिरीवर ‘द मॉन्युमेंट्स मेन’ हा सिनेमा काढला. आपल्याकडे हा प्रसंग शाळेच्या धड्यातही नाही.

मग कॅमेरा तिथे नव्हता का?

होता. ब्रिटिश लष्कराचं आर्मी फिल्म अँड फोटोग्राफिक युनिट १९४१ पासून काम करत होतं आणि इटलीभर त्याचे कॅमेरामन फिरत होते. भारतीय डिव्हिजनांचं चित्रीकरण झालं, छायाचित्रंही निघाली. हा सगळा साठा लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. प्रत्येक रिळासोबत कॅमेरामननं लिहिलेला कागद असतो. त्या धंद्यात त्याला डोप शीट म्हणतात. कुठलं गाव, कुठली तुकडी, कुठल्या शॉटमध्ये काय, हे त्यात असतं.

अडचण इथून सुरू होते. संग्रहालयाच्या सूचीत नोंद सापडते, पण अनेक रिळं ऑनलाइन पाहता येत नाहीत. माहितीपटात वापरायची तर परवाना लागतो आणि शुल्कही. लंडनच्या संग्रहालयाला यात दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी निदान रिळं जपली. पण परिणाम असा की कोलोन फुकट आणि सेनिओ विकत. मोबाइलच्या बाजारात फुकटचंच फिरतं.

नोंदींतही फरक. भारतीय सैनिक असेल तर अनेकदा ‘मराठा शिपाई’, ‘भारतीय मशिनगनर’ एवढ्यावर काम भागवलेलं असतं. नाव, गाव नाही. त्या शिपायाच्या गावी पोचणारं, फोटो छापणारं वर्तमानपत्र त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतंच.

भारतातही सरकारी चित्रपट बनत होते. १९४० च्या फिल्म अॅडव्हायजरी बोर्डात व्ही. शांताराम प्रमुख निर्माते होते. १९४३ मध्ये इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया आणि इंडियन न्यूज परेड सुरू झालं. थिएटरवाल्यांना ही सरकारी रिळं दाखवणं सक्तीचं होतं. लोकांना ती आवडत नव्हती, आणि १९४६ मध्ये विधिमंडळानं पैसे नाकारल्यावर दोन्ही विभाग बंद पडले. त्यामुळेच १५ ऑगस्ट १९४७ ला देशाकडे स्वतःचा सरकारी चित्रीकरण विभाग नव्हता.

यातली एक बाजू आपल्या फायद्याची आहे. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम २८ प्रमाणे सरकारी कृतीवरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो. म्हणजे १९४५ मध्ये भारत सरकारनं प्रसिद्ध केलेली बातमीरिळं २००५ च्या अखेरीस मोकळी झाली. अमेरिकेसारखंच ‘जनतेचं’ म्हणता येईल असं थोडं का होईना आपल्याकडे आहे. ते जनतेपर्यंत आलं नाही, ही गोष्ट लंडनवर ढकलता येणार नाही.

घाई कशाला?

कारण फिल्म थांबत नाही. हा भाग कुरकुंभकरांना वेगळा समजावून सांगायला नको; रसायन काय करू शकतं हे त्या वसाहतीच्या आसपासच्या गावांना चांगलं माहीत आहे. त्या काळची ३५ मिलिमीटरची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची होती. हे स्फोटक म्हणून वापरल्या जाणाऱ्या गनकॉटनचं सख्खं भावंड. पेटली की ऑक्सिजन स्वतःच पुरवते, त्यामुळे पाण्याखालीही जळत राहते. जुनी झाली की चिकट होते, मग भुकटी. पुढे आलेली अॅसिटेटची ‘सुरक्षित’ फिल्म सहजासहजी पेट घेत नाही, पण ओलावा आणि उष्णतेत तिच्यातून अॅसेटिक अॅसिड सुटतं. डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो. तो आला म्हणजे रीळ आकसायला लागलेलं असतं. उपाय साधा पण खर्चिक : थंड, कोरडी साठवण आणि वेळेत डिजिटल प्रत.

पुण्यानं हा धडा घेतलेला आहे. जानेवारी २००३ मध्ये प्रभात रस्त्याजवळच्या एफटीआयआयच्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि शेकडो चित्रपटांची रिळं गेली. प्रभातच्या जुन्या वास्तूत मराठी सिनेमाचा आरंभकाळ जळाला. जे राहिलं ते जपायचं काम तेव्हापासून जास्त गांभीर्यानं होतंय, हे मान्य करायला हवं. पण तिथला भर सहाजिकच कथापटांवर आहे. सैनिकांच्या बातमीरिळांसाठी मोर्चा काढणारं कुणी नाही.

पण ही तर इंग्रजांची लढाई होती!

हा आक्षेप येतोच, आणि तो पोकळ नाही. जाधव सेनिओत उतरले तेव्हा सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. एकाच तालुक्यातला एक मुलगा इंग्रजांच्या पलटणीत आणि दुसरा इंग्रजांची ट्रेझरी लुटायला निघालेला, अशी ती वर्षं होती. बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली तीही याच युद्धकाळात. ती बातमीरिळं भरती वाढवण्यासाठी बनवलेला प्रचार होता, यात शंका नाही.

पण प्रचार म्हणून रीळ फेकून द्यायचं ठरवलं तर सिग्नल कोअरचंही फेकावं लागेल. चित्रीकरण कुणाच्या हेतूनं झालं हा एक प्रश्न, आणि चौकटीत कोण उभा आहे हा दुसरा. चौकटीत उभा असलेला माणूस बहुतेक वेळा कोरडवाहू जमीन आणि घरची अडचण मागे ठेवून पलटणीत गेलेला होता. त्याला साम्राज्यवादी ठरवणंही चूक आणि त्याच्या फोटोखाली आजच्या राजकारणाची घोषणा चिकटवणंही चूक. दोन्ही टाळायचं तर रीळ आणि त्याचा कागद, दोन्ही समोर हवेत.

इटलीतल्या माणसांना हे आपल्या आधी सुचलं. जुलै २०२३ मध्ये पेरुजियाजवळच्या मोंतोने गावात यशवंत घाडगे यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. त्यावर लॅटिनमध्ये ‘सगळे एकाच सूर्याखाली’ अशा अर्थाची ओळ आहे. ज्या गावासाठी ते लढले त्या गावानं ७९ वर्षांनी त्यांचं नाव दगडावर कोरलं.

करता काय येईल?

स्मारकापेक्षा कमी खर्चाचं काम आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात, राज्याचा सैनिक कल्याण विभाग पुण्यात, चित्रपट संग्रहालयही पुण्यात, कुरकुंभपासून साधारण ८० किलोमीटरवर. या तिघांनी एकत्र बसून लंडनकडे इटलीतल्या मराठा बटालियनांच्या रिळांच्या आणि छायाचित्रांच्या डिजिटल प्रती, डोप शीटसह, बिगरव्यावसायिक वापरासाठी मागाव्यात. दोन देशांच्या सरकारी संस्थांमध्ये असे करार होत असतात. मग त्या प्रती मराठी नोंदींसह खुल्या कराव्यात आणि जिल्हा सैनिक कार्यालयांमार्फत गावोगावी दाखवाव्यात.

ते सैनिक आज हयात असले तर शंभरी ओलांडलेले असतील. ओळखणार कोण? त्यांची मुलं, आता सत्तरी-ऐंशीतली. त्यांच्या भिंतीवर टोपी घातलेल्या वडिलांचा एक फोटो असतो, ट्रंकेत कधी कधी पदकं आणि पेन्शनबुक. पडद्यावरचा चेहरा आणि भिंतीवरचा चेहरा जुळवू शकणारी ही शेवटची पिढी आहे. चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर यात मदत करू शकेल, पण धूसर, हलत्या कृष्णधवल चौकटीवर ते चुकतं. ‘हे आमचे दादा’ असं सांगणारा माणूस लागतोच.

तोवर एक गोष्ट कुणालाही आजच करता येते. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर युद्धात मेलेल्या सैनिकांची नावं मोफत शोधता येतात. देशात ‘इंडियन आर्मी’ आणि तुकडीत मराठा लाइट इन्फन्ट्री निवडा. कसिनोचं स्मारक आणि फोर्लीचं भारतीय सैनिकांचं दहनस्मारक, ही इटलीतली दोन महत्त्वाची ठिकाणं. ‘अतिरिक्त माहिती’च्या रकान्यात बऱ्याच नोंदींत वडिलांचं किंवा पत्नीचं नाव आणि गाव असतं. गाव शोधताना आजचं स्पेलिंग चालत नाही. जिल्हा ‘पूना’, ‘अहमदनगर’, ‘कुलाबा’ असा टाकावा, आणि गावाचं नाव इंग्रज कारकुनाला जसं ऐकू आलं असेल तसं, तीन-चार प्रकारे टाकून पाहावं लागतं.